मासे सोडायची घाई

सोमवार, ४ ऑगस्ट
श्रावणातला सोमवार, आणि माझ्या वसरीत सुंगट कुजतंय! मी घरात कांदा आणला नाही आणि ही माझी लेक, बाय, काचेच्या टाकीत मेलेली कोळंबी ठेवून बसलीय. शेजारीण नाक धरून गेली. बायला विचारलं तर म्हणते, "आये, येऊदे वास. कुजायलाच ठेवलंय." लग्नाआधी दोन वर्षं म्हापशाला रंगीत माशांच्या दुकानात होती, तिकडची विद्या. हे म्हणतात, "खायचं ते कुजवायचं, बघायचं ते जगवायचं. कारापुरात हेच राहिलं होतं." हसले. हसण्यासारखं काय आहे? महिना झाला लेक सासरहून आलीय, मांद्र्याहून, एक पिशवी घेऊन. सासूने तापलेला कालथा हाताला लावला. नवरा दारात उभा होता.

गुरुवार, ७ ऑगस्ट
आज बोलली थोडी. टाकीत केरीच्या समुद्राचं पाणी आणि दगड. सुंगट कुजलं की पाण्यात विष होतं. मग ते विष खाणारे बारीक जंतू दगडावर धरतात. महिना-दीड महिना लागतो. रोज नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब घालते. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं झालं तर नाही. पिवळं झालं की मासे. आज गडद हिरवं. आल्यापासून एवढं पहिल्यांदाच बोलली. जेवणाचं विचारलं, परत टाकीकडे वळली.

सोमवार, ११
सहन झालं नाही. बाय हाताची पट्टी बदलायला डिचोलीला गेली, तेवढ्यात सुंगट काढून परसात पुरलं. टाकी रिकामी केली. दगड नळाखाली ब्रशने घासले. कॅनमध्ये खारं पाणी उरलं होतं ते भरलं. वास गेला. ती आली, बघितलं. "परत पहिल्यापासून," एवढंच. खोलीत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

शनिवार, २३
जावयाचा फोन. "मामी, चवथीला पाठवा तिला. घरात आता सगळं शांत आहे." मी म्हटलं, पाठवते. चवथीला सून घरात नको? लोक काय...
बाय म्हणाली, "तूच जा."

शुक्रवार, २९
काल गणपती पोचवला. माणसं आली की बाय मागच्या खोलीत. एकेकीने विचारलं, "लेक सासरी नाय गेली?" बरं नाही तिला, म्हटलं. किती दिवस सांगू?

शनिवार, ३०
त्या दिवसापासून बायने टाकीला हात लावला नव्हता. तिला न सांगता नळी भरली, थेंब घातले. पिवळं! हळदीसारखं. तशीच बसने म्हापशाला. दुकानदार म्हणतो, "मावशी, टाकी तयार आहे मा?" म्हटलं, पिवळं आहे, माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोन मासे आणले, नारिंगी, पांढरे पट्टे. ती न्हायला गेली तेव्हा सोडले. वाटलं, बघून हसेल.
हसली नाही. "विष नव्हतं, कारण आत काहीच नव्हतं गो. आणि विष खाणारे तू घासून टाकलेस. आता हे आपल्याच घाणीत..."

रविवार, ३१
मासे परत द्यायचे तर दुकान दोन दिवस बंद. हे टेंपो घेऊन केरीला गेले, टाकीत बदलायला पाणी आणायला. पावसाने समुद्र तांबडा, गढूळ. रिकामे कॅन घेऊन आले.

मंगळवार, २ सप्टेंबर
एक गेला. दुसरा वर येऊन तोंड उघडतोय. बाय टाकीपुढे बसून. चहा ठेवला, तसाच थंड झाला.

बुधवार, ३
दुसराही. चुकलं माझं, म्हटलं. यांच्यासमोर म्हटलं.
बाय म्हणाली, "मला पण अशीच सोडलेलीस. घर बघायला एकदा गेलीस, तेही चहापुरती."
खरं आहे. चहा चांगला होता, म्हणून मी हो म्हणून आले.

गुरुवार, ४
जावयाचा फोन. "मामी, आता तरी पाठवा. अगदी शांत आहे."
म्हटलं, "शांत असणारच. ती तिथे नाही ना."
"आईशी बोललास?"
"बोलेन."
"कालथ्याचं कबूल केलं तिने?"
"मामी, जुनं कशाला उकरता?"
जुनं? पट्टी अजून सुटली नाही पोरीची.
सांगून टाकलं. चौदा तारखेला रविवार आहे. तोपर्यंत तू इथे ये, वसरीत बस आणि तिच्यासमोर सांग, तिथे काय बदललं. एक तरी गोष्ट सांग. नाहीतर तिचे कपडे न्यायला मीच येते.
"मामी, ऐका तरी..."
चौदा. रविवार. जेवणाआधी.