खोली फॅमिलीलाच मिळेल

जालना
दि. १९ ऑगस्ट

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. फोनवर रोज सगळं बराबर आहे असं सांगत होते, ते मात्र खोटं होतं, म्हणून हे पत्र. इथे यशश्रीच्या घरात बोलायला कोपरा नाही, आणि तिकडे तू फोन घेतलास की शेजारच्या काकूचे कान दारात येऊन बसतात. पत्र वाटूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते. फाट्यावरच्या हॉटेलात मिळेल.

होस्टेलच्या दुसऱ्या यादीतही माझं नाव लागलं नाही. रोज ये-जा करून पाहिली, पण प्रॅक्टिकल सुटेपर्यंत गाडी निघून जाते आणि पुढची कधी येईल ते त्या गाडीलाच ठाऊक. यशश्री वर्गातली मैत्रीण, स्वभावाने सोनं, पण तिच्याकडे गौरी-गणपतीला पाहुणे येणार आहेत. तिची आई तोंडाने काही म्हणत नाही. फक्त काल माझी गादी उन्हात घातली आणि मग ती घडी करून माळ्यावर ठेवली.

खोल्या किती पाहिल्या विचारू नकोस. एका बाईंनी भाडं कमी सांगितलं आणि घरच्यासारखी राहा म्हणाल्या. घरच्यासारखी म्हणजे धुण्याभांड्यांसकट आणि तिन्ही पोरांच्या अभ्यासासकट, हे उठताना कळलं. एमआयडीसीच्या रस्त्याला वर्कशॉपच्या वर एक खोली परवडणारी होती, पण त्या मजल्यावर सगळे रोलिंग मिलचे कामगार आणि बाथरूम एकच. कॉलेजजवळ मुलींसाठी कॉट मिळते. तिचं भाडं ऐकून मी पाणीसुद्धा न पिता उठले. बाकी सगळीकडे एकच पाटी: खोली फॅमिलीलाच मिळेल.

एक जागा मनात भरली आहे. जगन्नाथराव म्हणून रिटायर झालेले क्लार्क आहेत. मुलगा पुण्याला, मागची खोली रिकामी, भाडं आपल्या आवाक्यातलं. त्यांच्या सुहासिनीबाईंनी मला पोहे दिले. पण म्हणाल्या, एकट्या मुलीला ठेवायची छाती होत नाही, उद्या काही झालं तर तुझ्या आईबापांना काय तोंड दाखवू. घरातलं मोठं माणूस कायम सोबत राहणार असेल तरच खोली. मी हो म्हणून बसले.

आई, तू येशील? नाही जमलं तर मला एम.एस्सी. सोडावी लागेल. मला सोडायची नाही, हे इतकं स्पष्ट लिहिते आहे.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझी,
अर्पिता

*

वाटूर
दि. २१ ऑगस्ट

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गोठ्यात बसून दोनदा वाचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, एवढं शिकून काय उपयोग. आणि शिक्षण सोडायची भाषा पुन्हा लिहू नकोस.

पण मी कशी येऊ ग? म्हैस माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. मागे मी आष्टीला भाच्याच्या लग्नाला गेले तेव्हा तुझे बाबा माझं लुगडं पांघरून तिच्याखाली बसले होते. तिने आधी लुगडं हुंगलं, मग त्यांना हुंगलं, आणि मग बादलीला लाथ घातली. दूध थांबलं तर तुझी फी थांबेल. तेव्हा मी हलायची नाही.

घरात माणसं तीन, त्यातलं एक तिकडे. मोकळं कोण याचा विचार केला, तर तुझे बाबा! रात्री जेवताना मी तसं म्हणाले तर ते घास हातात धरून बसले. बाप्या माणूस पोरीच्या खोलीवर राहून काय करंल, असं विचारू लागले. मी म्हणाले, भाकरी करंल. लोक तोंडात शेण घालतील म्हणाले. मी म्हणाले, शेणाची मला सवय आहे. मग उठून वसरीत जाऊन बसले. सकाळी मात्र आपणहून धोतरं घडी करायला लागले. सोयाबीनची सोंगणी मजुरांना उक्ती देऊ, पण रब्बीच्या पेरणीला येणार, ही त्यांची अट. मी म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू.

तुझ्या सुहासिनीबाईंना बाप चालतो का ते आधी विचारून घे. तुझ्या बाबांना चहासुद्धा करता येत नाही. पहिले काही दिवस तूच सांभाळ, रागावू नकोस.

जिवाला जप.
तुझी,
आई

*

जालना
दि. ८ सप्टेंबर

सौ. मीना हिस,
अनेक आशीर्वाद.

लग्नाला चोवीस वर्षं झाली, तुला पत्र लिहायची पाळी आज आली. खोलीत फोनवर बोललं की पोरगी ऐकते, पोरगी नसली तर तिकडे काकू, म्हणून लिहून राह्यलो.

भाकरीचं विचारशील. पहिल्या दिवशी परातीला चिकटली, दुसऱ्या दिवशी तव्यावर जाताना हातातच मोडली. अर्पिताने तुकडे दुधात कुस्करून खाल्ले, चांगली झाली म्हणाली. खोटं बोलायला ती माझ्यावर गेली आहे. पिठात पाणी कढत घालायचं की कोमट ते कळव. सुहासिनीबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्ही पोळीवाले.

ती कॉलेजला गेली की दिवस सरता सरत नाही. झाडून झालं, पाणी भरून झालं, भांडी झाली, तरी घड्याळ दहाच्या पुढे जात नाही. गावाकडे दहाला मी अर्धं रान तुडवलेलं असतं. इथे पायरीवर बसतो. जगन्नाथराव पेपर देतात आणि पेन्शनच्या गोष्टी सांगतात. माणूस भला, पण बसून बसून त्यांचं पोट आलं आहे, माझंही येईल की काय अशी भीती वाटते.

नळावर सगळ्या बाया. एकीने हळूच विचारलं, पोरीची आई न्हाई का? मी म्हणालो, हाये की, म्हशीपाशी हाये. तिला ते खरं वाटलं नाही. तिने त्या दिवशी मला कालवण आणून दिलं. मी खाल्लं. काय करणार.

एक चूक झाली आहे. मोंढ्याच्या बाजारात आपला ट्रॅक्टरवाला वसंता भेटला. इकडे कसे म्हणून त्याने विचारलं, तर तोंडातून निघून गेलं की एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर लागलो. भाकरी करून राह्यलो असं कसं सांगू त्याला? तूही गावात तेच सांग.

म्हशीला आणि तुला कमी पडू देऊ नकोस.
तुझा,
मच्छिंद्र

*

जालना
दि. २३ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची भाकरी आता फुगते. कढत पाण्याचा उपाय लागू पडला. पिठलं तर तुझ्यापेक्षा बरं होतं, रागावू नकोस. सुहासिनीबाई कधी कधी वाटी घेऊन येतात आणि चव बघते म्हणून बसूनच खातात.

पण आई, बाबांचं मन इथे नाही. रोज सकाळी बसस्टँडवर जातात. वाटूरच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारतात, काल पाऊस झाला का, कुठपर्यंत झाला, रान कसं दिसतंय. सुहासिनीबाईंच्या कुंड्या एके दुपारी सगळ्या उकरून ठेवल्या, माती बसली होती म्हणे. शेवंतीची मुळं उघडी पडली. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. संध्याकाळी कॉलेजच्या गेटसमोर रस्त्यापलीकडे उभे राहतात आणि माझ्या मागे अंतर ठेवून चालतात. मैत्रिणींना ते वॉचमन वाटले. मी त्यांना सांगितलं, माझे बाबा आहेत. मग सगळ्यांनी नमस्कार केला तर लाजून बोळात वळले.

मला फार अपराधी वाटतं. माझ्या खोलीसाठी मी त्यांना कोंडून ठेवलं आहे. झोपेत कूस बदलताना कॉट वाजते, त्यावरून कळतं की ते जागे आहेत. मलाही मग झोप लागत नाही. पेरणीला जायचं एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. जगन्नाथकाका म्हणतात, दोन दिवस गेलात तर हरकत नाही, त्याहून जास्त असेल तर खोली सोडायची. आणि प्रॅक्टिकलची हजेरी भरली नाही तर नोव्हेंबरात परीक्षेला बसू देणार नाहीत. मी बाबांना थांबा म्हणू शकत नाही. तू काही म्हणशील का?

आशीर्वाद असू दे.
तुझी,
अर्पिता

*

जालना
दि. ७ ऑक्टोबर

सौ. मीना हिस,
अनेक आशीर्वाद.

मी ठरवलं आहे. रविवारच्या पहिल्या गाडीने येतो. सोयाबीन निघालं, रान मोकळं पडलं. आता कुळवाची पाळी घालायची, ओल पेरणीजोगी झाली का, वापसा आला का बघायचं, पेरायचं. वापसा हातचा गेला तर पेरूनही उगवत नाही, हे तुला सांगायला नको. आणि ते माझ्यावाचून कोण करणार? तू आजवर बियाणं ओटीत घेऊन मागे चाललीस, पण कधी कुठे काय पेरायचं ते मीच ठरवत आलो.

जगन्नाथरावांकडे महिनाभराची सवड मागितली. ते नाही म्हणाले. त्यांचाही इलाज नाही, सुहासिनीबाई रात्री दाराची कडी तीनदा बघतात. म्हणून अर्पितालाही घेऊन येतो. महिनाभर कॉलेज बुडालं तर काय आभाळ कोसळतं? पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला. रान पडीक राहिलं तर पुढच्या वर्षी खायचं काय?

तिला हे सांगितलं. ती हो बाबा म्हणाली आणि पुस्तकं पिशवीत भरायला लागली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण माझ्याच्याने इथे बसवत नाही मीना, बिलकुल बसवत नाही. हात शिवशिवतात.

बाकी भेटीअंती.
तुझा,
मच्छिंद्र

*

वाटूर
दि. १० ऑक्टोबर

अर्पिताच्या बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊ नका. पेरणी झाली.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा पाळी घालून झाली होती. काल आणि आज पेरलं. माती मुठीत दाबून बघितली, गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, तेव्हा म्हटलं हाच वापसा. खालच्या रानात हरभरा, वरच्या तुकड्यात ज्वारी. तुम्ही वरतीही हरभराच पेरला असता, ठाऊक आहे. पण म्हशीला कडबा लागतो आणि ती मला सांभाळायची आहे. चूक झाली असेल तर माझी. पण ठरवलं मी.

आता तुमच्या कंपनीचं ऐका. वसंताचा ट्रॅक्टर सांगायला गेले, तर त्याच्या ओट्यावर चार जण बसलेले. मालक सुपरवायझर आहेत तर हरभऱ्याचं बियाणं आम्हाला स्वस्तात काढून द्या म्हणे. कोणाला दोन बॅगा, कोणाला चार. वसंता तर म्हणाला, आधी बियाणं, मंग ट्रॅक्टर. रान वाळून राह्यलेलं आणि हे बॅगा मागत बसलेले! माझं डोकं फिरलं. मी सांगून टाकलं, कंपनी-बिंपनी काही नाही, ते जालन्यात खोली करून पोरीला भाकरी करून घालतात.

हसले. का हसणार नाहीत? पारावर दिवसभर तेच चाललं होतं. काकूने तर मुद्दाम येऊन विचारलं, आता इकडे लुगडं कोण नेसणार. मला राग आला आणि रडूही आलं, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी वसंता ट्रॅक्टर घेऊन आपणहून बांधावर आला. आणि आज त्याची बायको बेबीनंदा पाणी पिण्याच्या निमित्ताने घरात आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, तिची पोरगी बारावीला आहे, पुढच्या साली जालन्याला घालायची तर खोली मिळत नाही. भाऊजी अजून एका पोरीला सोबत ठेवतील का? मी म्हणाले, विचारून सांगते.

आता तुमचं बोला. महिनाभर बुडालं तर काय, असं लिहिलंत. माझी शाळा नववीत अशीच महिनाभर बुडवली होती, आमच्या सोंगणीसाठी. तो महिना अजून संपला नाही. पोरीच्या पिशवीतली पुस्तकं तुम्ही स्वतःच्या हाताने बाहेर काढा.

एकटीने रान बघताना भीती वाटली. पण तुम्ही तिथे आहात म्हणून मला इथे झोप लागते, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तब्येत सांभाळा, पत्राची वाट बघते.
तुमची,
मीना

*

जालना
दि. १२ ऑक्टोबर

सौ. मीना हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल बसस्टँडवर ड्रायव्हरने दिलं. आजच्या गाडीचं विचारायला गेल्तो. तिथेच बाकावर बसून वाचलं.

पहिल्यांदा राग आला. वरच्या तुकड्यात ज्वारी! आणि माझं नाव सगळ्या गावात झालं ते वेगळंच. मग तुझी नववीची गोष्ट पुन्हा वाचली. चोवीस वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही, शाळा का सोडलीस. बाकावरून उठवेना. माझ्यावाचून पेरणी झाली, याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. समोरून वाटूरची गाडी निघून गेली. मी बघत राह्यलो.

खोलीवर आलो. अर्पिता अजून आली नव्हती. दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या. तिची पुस्तकं फळीवर मांडली. कोणतं कुठे होतं ते मला काय ठाऊक, उंचीप्रमाणे लावली. ती आली, फळीकडे बघून हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून खूप रडली. तुझं पत्र तिच्या हातात दिलं. रात्री मी कूस न बदलता झोपलो असं ती सकाळी सांगत होती.

बेबीनंदाला सांग, पोरीला खुशाल पाठव. जगन्नाथरावांना मी विचारतो. वसंताला सांग, भेटला की मी स्वतः त्याची माफी मागेन, बियाणं मात्र त्याने मोंढ्यातूनच घ्यावं.

हरभरा वर येईल तेव्हा मी तिथे नसेन. लग्नानंतर अशी ही पहिलीच खेप. उगवण कशी झाली ते तू बघ आणि मला कळव. वरच्या तुकड्याचंही कळव. विरळ झाली असली तरी खरं तेच लिही, मी येणार नाही.

तुझा,
मच्छिंद्र