हसण्यावारी

३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बराच बरा आहे. घरात ती काठीशिवाय फिरते, फक्त कुणी काठी जागेवरून हलवली की लगेच तिला ती हवी असते. दुकानात गर्दी आहे. परीक्षा जवळ आल्या की पोरांना फळ्यावरचं दिसेनासं होतं आणि आयांना चष्मा करायचं सुचतं. काल एका आजोबांना नवा चष्मा बसवून दिला, तर आरशात बघून म्हणाले, "जुनाच बरा होता, त्यात मी एवढा म्हातारा नव्हतो." वहिनीचा खोकला थांबला का?

खारूही बरी आहे.

एवढं लिहून मघापासून पेन हातात धरून बसले आहे. खारू बरी नाही, दादा. फोनवर तू विचारलंस तेव्हा शेजारी आई होती, म्हणून 'बरी आहे' म्हटलं. आणि खरं सांगायचं तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मुख्याध्यापक झाल्यापासून तू बोलतोस तेव्हा समोर कुणीतरी येऊन बसलंय असंच वाटतं. म्हणून पत्र.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. कारण तुझ्या तोंडून ऐकलं की ते फार छोटं होतं.

सकाळच्या परिपाठात बातम्या वाचायला खारूने स्वतःहून हात वर केला होता. बोलताना अडखळणारी माझी पोर, पण आठवडाभर आरशासमोर उभी राहून वाचत होती. त्या दिवशी 'पर्यावरण' शब्दावर अडकली. पुढे गेली, पुन्हा अडकली, पण शेवटपर्यंत वाचून मगच खाली बसली. तिच्याच वर्गातल्या तिघींनी ते फोनवर टिपलं, त्याला ढोलकीचा ठेका लावला आणि पाठवलं. दुपारपर्यंत सातवीच्या सगळ्या पोरांकडे ते पोचलं होतं. जिन्यात तिच्या मागून 'प-प-प' ऐकू यायचं.

मी तुझ्याकडे आले. तू मला चहा पाजलास आणि म्हणालास, "माझ्यावर सोड. फक्त लेखी तक्रार देऊ नकोस. घरचीच गोष्ट आहे, उगाच कागदावर कशाला?" त्या तिघींतली एक पालक मंडळाच्या अध्यक्षांची मुलगी आहे, हे तू तेव्हा बोलला नाहीस. मी निश्चिंत होऊन घरी आले. माझा भाऊच मुख्याध्यापक, मला कसली काळजी?

त्यानंतर खारू घरात बोलेनाशी झाली. भूक लागली की ताट पुढे करायची, नको असेल तर मान हलवायची. मला वाटलं, बोलणं आणखी अडायला लागलं असणार, म्हणून लाजत असेल. मी तिला मुद्दाम बोलतं करायला जायची आणि ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आई म्हणायची, "वय आहे." मीही तेच धरून बसले.

मग दुकानात एक बाई आल्या, तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आई. मी त्यांच्या डोळ्यांचा नंबर काढत होते. त्या म्हणाल्या, "तुमची लेक फोटोत किती गोड आलीय हो." आणि त्यांनी शाळेचं बातमीपत्र उघडून दाखवलं. 'मुलांच्या मनाची काळजी' असं वर मोठ्या अक्षरांत. खाली त्या तिघी, मध्ये खारू, सगळ्यांचे हात एकमेकींच्या हातात. शेजारी तू. खाली लिहिलंय, 'थट्टा हसण्यावारी नेऊन मैत्री जपणारी आमची गुणी विद्यार्थिनी.' खारू हसतेय, पण कशी हसतेय ते मी ओळखते. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसते ना, तशी.

मी बाईंना पुढची अक्षरं वाचायला सांगितली.

रात्री तुला फोन केला, तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतंय ना? "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." आणि हसलास. मी तेही गिळलं. भाऊ आहे, शाळेचं नाव सांभाळायचं असतं, असं स्वतःलाच समजावत राहिले.

पण त्याच्या पुढचं मला परवा कळलं.

तिला स्पीच थेरपिस्टकडे नेलं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतून खारूचा आवाज येत होता. बोलत होती, दादा. अडखळत होती, पण भरभरून बोलत होती, मध्ये एकदा हसलीसुद्धा. थेरपिस्ट बाई बाहेर आल्या आणि दार ओढून घेत हळूच म्हणाल्या, "तिचं बोलणं बंद झालेलं नाही. ती फक्त तुमच्याशी बोलत नाही."

त्यांनी मला आत बसवलं. खारू माझ्याकडे न बघता त्यांना सांगत होती. फोटोसाठी ती तयार नव्हती. तिने तुला सांगितलं, "आईला विचारते." तर तू म्हणालास, "आईला विचारलंय मी. तिचंही म्हणणं हेच, की तू फार मनाला लावून घेतेस. ती म्हणाली, तिलाही हसायला सांग."

हे मी कधी म्हटलं, दादा?

तिची चेष्टा झाली त्याचं तिला वाईट वाटलंच. पण आई त्या तिघींच्या बाजूने गेली, असं समजून माझी पोर इतके दिवस माझ्यासमोर जेवत होती. मी डोक्यावरून हात फिरवला की अंग चोरायची. मी शपथ घेऊन सांगितलं, असं काही मी बोलले नाही. तिने खांदे उडवले. "आता तू असंच म्हणणार." तुझ्यावर तिचा विश्वास बसला, कारण तू मुख्याध्यापक, आणि तिला सायकल शिकवणारा मामा. आता माझ्यावर बसत नाही.

मला तुझी माफी नको, बातमीपत्रात खुलासाही नको. तू घरी ये आणि तिच्यासमोर एकच वाक्य बोल: 'मी तुझ्या आईला विचारलं नव्हतं.' ते माझ्या तोंडून खोटं वाटतं. तुझ्या तोंडून खरं वाटेल.

वाट बघते.

तुझी,
धाकटी


१२ नोव्हेंबर

दादा,

तू आलास. येताना तिच्यासाठी रंगांची मोठी पेटी आणलीस, आईच्या गुडघ्याची चौकशी केलीस, चहा घेतलास. मग आई आत जाऊन आडवी झाल्यावर खारूला समोर बसवून म्हणालास, "झालं काय, माझा आणि तुझ्या आईचा निरोप जरा इकडचा तिकडे झाला."

मी तुझ्याकडे बघत होते. तू पेटीवरचं वेष्टण सोलत होतास.

खारूने तोंड उघडलं. "सर," म्हणाली. घरात ती तुला कधी सर म्हणाली नव्हती. "सर, तुम्ही खो... खो..."

तुला धीर धरवला नाही. "खोडी काढली त्यांनी, हो ना? खोडीच होती बाळा ती."

तिने मान हलवली, श्वास घेतला आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. "सर, तुम्ही खो... खोटं बोललात."

तेव्हा तरी तू ते एक वाक्य बोलशील असं मला वाटलं होतं. अगदी त्या क्षणापर्यंत वाटत होतं. तू घड्याळ बघितलंस, मीटिंग आहे म्हणालास आणि चपला घालताना मला म्हणालास, "पोरीला फार चढवून ठेवलंयस."

तू गेल्यावर तिने दार लावलं. मग मला विचारलं, "त्यांनी तुला खरंच विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"का?"

"तुला नको होतं म्हणून."

मग ती बोलायला लागली. जिन्यातलं, वर्गातलं, फोटो काढताना अध्यक्षांच्या मुलीने तिचा हात कसा नखं रुतवून धरला होता ते. ताटातलं सगळं गार झालं. कितीतरी शब्दांवर अडकली आणि मी एकही शब्द तिच्या तोंडातून काढून घेतला नाही. तुझा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. तू जे बोलला नाहीस, त्यावरून तिला खरं कळलं.

शाळा बदलूया का, असं मी विचारलं. म्हणाली, "मी का जाऊ?" म्हणून ती तिथेच राहील. लेखी तक्रार आज कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. एक प्रत व्यवस्थापन समितीला पाठवली, कारण तक्रार तिघींबरोबर तुझ्याहीविरुद्ध आहे. ती घरची गोष्ट नाही.

आईला काही सांगितलेलं नाही. तिला भेटायला येत जा, दार बंद नाही. दुपारी ये. मी दुकानात असते.

आपली विश्वासू,
सातवीतल्या एका मुलीची आई