एक्केचाळिसावं मिनिट

४ मार्च, सोमवार

तीन आठवड्यांनी ऑफिसला गेले. टेबलावर फुलं आणि फुलांखाली एक फॉर्म. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "अभिनंदन आणि सांत्वन एकाच गुच्छात उरकलंय बघ." बोलला आणि स्वतःच जीभ चावली. त्याला सगळे बॅकअप म्हणतात — डब्यातल्या चमच्यालाही त्याच्याकडे दुसरा चमचा असतो! मला राग नाही आला. खरंच तसंच होतं ते.

फॉर्मवर एकच प्रश्न: पुढचं सर्टिफिकेशन कोणतं? क्लाउड, सायबर सिक्युरिटी, नेटवर्क. एकावर खूण करायची, २९ तारखेपर्यंत. पायाभूत परीक्षा पास झाले म्हणून आता तिन्ही दारं उघडी. नऊ वर्षं लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतेय आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढतेय. यातून सुटायचं होतं, त्यासाठीच दिली होती परीक्षा.

१२ फेब्रुवारीला दिली. घरी बसून. त्याच दिवशी, त्याच तासात, शेजारच्या खोलीत आई गेली.

५ मार्च

फॉर्म पर्समध्ये आहे. काढला नाही.

७ मार्च

ज्याच्या त्याच्याकडे सल्ला तयार! आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणतात, सिक्युरिटी घे, लोकांची भीती कधी संपत नाही, तुझं काम संपणार नाही. बॅकअप म्हणतो, क्लाउड घे, दोन वर्षांत आपल्या सर्व्हर रूमचं गोडाऊन होणार. दादाचा फोन आला, तो म्हणाला, "नेटवर्क घे. फिरतीचं काम मिळेल. आता काय, तू मोकळी झालीस." 

मोकळी! वर्षभर आईचं अंथरूण-पांघरूण मी केलं आणि हा तिकडून मला मोकळी करतोय. फोन ठेवला आणि भांडी घासत बसले, दोनच होती.

आईला एकदा क्लाउड समजावून सांगितलं होतं. नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "म्हणजे आपले कपडे दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे आणि वर भाडंही आपणच भरायचं? कोण शहाणा करतो हे?"

९ मार्च, शनिवार

लिहूनच टाकते एकदा.

घरून परीक्षा द्यायची तर नियम कडक. खोलीत एकटं असायचं, दार बंद. आधी कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या, टेबलाखाली दाखवायचं, कान दाखवायचे. नंतर उठायचं नाही, बोलायचं नाही. कुणी आत आलं, कुणाशी बोललात, की परीक्षा रद्द. आईला सोडून केंद्रावर जाता येत नव्हतं म्हणून मी घर निवडलं. तिची काळजी घेणाऱ्या मावशी औषधं आणायला गेल्या होत्या. मीच पाठवलं होतं — घरात आवाज नको म्हणून.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला आईने हाक मारली. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, म्हणून मिनिट ठाऊक आहे. माझं घरातलं नाव घेऊन हाक. नंतरही काहीतरी बोलली, दाराआडून ते कळलं नाही. अकरा प्रश्न राहिले होते. मी उठले नाही. तोंडातून शब्द काढला नाही. दगडासारखी बसून राहिले आणि पुढचा प्रश्न वाचला.

एकोणीस मिनिटांनी स्क्रीनवर 'उत्तीर्ण' आलं. मी धावत गेले, "आई, झाले गं पास!" तिचं तोंड भिंतीकडे होतं. वाटलं, डोळा लागलाय. पांघरूण सारखं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दादाला मेसेज केला. मावशी आल्या, गोळी द्यायला गेल्या, आणि त्यांनीच मला आत बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगत असणार.

काय हवं होतं तिला? पाणी? छातीत कळ आली होती? उठून दार उघडलं असतं तर एक सर्टिफिकेट गेलं असतं. दुसरं काय जाणार होतं?

१० मार्च

दुपारी झोप लागली. जाग आल्यावर आधी तिच्या खोलीकडे कान दिला.

१४ मार्च

म्हटलं, रडत बसून फॉर्म भरला जात नाही. सिक्युरिटीच्या परीक्षेची नियमावली उघडली. एकोणीस पानं. चौदाव्या पानावर: 'परीक्षेदरम्यानचे चित्रीकरण व आवाज नव्वद दिवस जतन केला जाईल व तक्रार आल्यासच तपासला जाईल.'

नव्वद दिवस!

म्हणजे माझ्या परीक्षेचाही. म्हणजे ती हाक कुठेतरी आहे. माइक माझ्या कानापेक्षा चांगला, ती पुढे काय बोलली तेही असेल त्यात. बोटांवर दिवस मोजले. अजून एकोणसाठ आहेत.

१९ मार्च

परीक्षा मंडळाचं उत्तर आलं. रेकॉर्डिंग उमेदवाराला देता येत नाही. अपवाद एकच — उमेदवाराने स्वतःच्याच परीक्षेबद्दल तक्रार केली, तर चौकशीत तेवढा भाग त्याच्यासमोर एकदा ऐकवतात. नियमभंग आढळला तर निकाल रद्द, आणि वर्षभर कुठलीच परीक्षा देता येणार नाही.

म्हणजे आवाज ऐकायचा तर आधी सर्टिफिकेट त्यांच्या हातात ठेवायचं. क्लाउड नाही, सिक्युरिटी नाही, नेटवर्क नाही.

२१ मार्च

दादाला सांगितलं. खवळला. "वेड लागलंय का तुला? आवाज ऐकून आई परत येणार आहे?" मग हळू म्हणाला, "आणि ती कळवळत असली तर? ते ऐकल्यावर कशी जगशील तू?"

"आत्ता कशी जगतेय ते विचार ना मला!" मी ओरडलेच. 

तो रडायला लागला. आई असताना चौदा महिने आला नव्हता, हे मी त्याला सुनावणार होते. नाही सुनावलं. त्याचीही आईच होती.

२५ मार्च

बॅकअपला विचारलं, तू काय केलं असतंस? नेहमीप्रमाणे फिदीफिदी हसेल असं वाटलं होतं. म्हणाला, "माझ्या वडिलांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. दहा वर्षं झाली. आता मला तो नीट आठवतही नाही." आणि वळून कामाला लागला.

२९ मार्च, शुक्रवार

फॉर्म कोराच परत दिला. मॅडमनी चष्मा काढला. "अगं, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला घेतील. मग वर्षभर प्रिंटरच का?"

"हो, प्रिंटरच," म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत तक्रार पाठवली. स्वतःविरुद्ध! कारणाच्या रकान्यात लिहिलं: एक्केचाळिसाव्या मिनिटाला दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. दुसरी व्यक्ती! आई म्हणायला रकान्यात जागा नव्हती.

३ एप्रिल

सुनावणी ११ तारखेला, सकाळी अकराला. व्हिडिओ कॉलवर.

८ एप्रिल

भीती वाटतेय. दादाचं बोलणं डोक्यातून जात नाही. ती 'दुखतंय' म्हणाली असेल तर? 'लवकर ये' म्हणाली असेल तर? तक्रार मागे घ्यायचं बटण अजून दिसतंय. तीनदा त्यावर बोट नेलं. न ऐकताही मी रोज तेच ऐकतेय, मग खरंच काय ते ऐकावं.

१० एप्रिल

दादा आला. न कळवता, एक पिशवी घेऊन. उद्या शेजारी बसतो म्हणाला.

११ एप्रिल, गुरुवार

निकाल रद्द. वर्षभर बंदी. चौकशीवाले म्हणाले, नियमभंग एक नाही, दोन आहेत — बाहेरचा आवाज, आणि उमेदवाराने दिलेलं उत्तर.

उत्तर? मी?

ऐकवलं. आईची हाक. लगेच, अगदी माइकजवळ, माझा आवाज — घरातला, रोजचा — "काय गं?"

मला आठवतच नाही! आत्ताही आठवत नाही. दादाने माझा हात घट्ट धरला होता.

आणि दाराआडून आई — "काही नाही गं. सहज हाक मारली."