पिशवीबाहेरचा उजेड

४ फेब्रु.
बॅच ११. सायट्रिक ॲसिड, युरिया, पाणी. स्टीलच्या डब्यात बंद करून ओव्हनमध्ये. निघालं कोऱ्या चहासारखं, यूव्ही दिव्याखाली निळंशार. म्हणजे कार्बनचे कण झाले. आई म्हणे, लिंबूसत नि खत, यावर पीएच.डी. देतात? देतात बाई. सोमवारी पेपर जर्नलला जाणार. एकदम खूश.

७ फेब्रु.
लॅब अटेंडंट यादवजींनी डायलिसिस लावलं. मिश्रण पिशवीत भरून पाण्यात टांगायचं. बारीक-सारीक रेणू बाहेर, कण आत. पाणी बदलायचं काम त्यांचंच. मार्चमध्ये रिटायर होतायत, लॅबचं कसं होणार कोण जाणे.

८ फेब्रु.
यादवजी दिवा घेऊन दारात. "मॅडमजी, फेंकनेवाला पानी भी चमक रिया है. फेंकूं के नी?"
मी ग्राफ काढत होते. खेकसले त्यांच्यावर, फेंकिए ना! त्यांनी नाही फेकलं. झाकून ठेवलं.

९ फेब्रु., रविवार
सकाळीच लॅबला गेले. ते पाणी दिव्याखाली पाहिलं. लखलखीत. पिशवीतलं मात्र पहिल्यापेक्षा फिकं.
उजेड त्या बारीक रेणूंचा असेल तर? चमक मोजायचं मशीन आम्हाला फक्त बुधवारी मिळतं, डायलिसिसला आठवडा लागतो. म्हणून अकराच्या अकरा बॅचेस आधी मोजल्या, मग धुतल्या. अक्कल कुठे गेली होती माझी! तीन वर्षं...

१० फेब्रु.
गाईड मॅडमना सांगितलं. वाटलं आता बरसतील. चहा संपवला त्यांनी, मग म्हणाल्या, "पेपर थांबव. आधी मोज म्हणून घाई मीच केली होती. बरं झालं, आपल्यालाच कळलं." 'आपल्यालाच' म्हणाल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले. किती मोठं मन आहे या बाईचं.

११ फेब्रु.
यादवजींना कचोरी नेली, माफी मागितली. ते उलट संकोचले. म्हणे चमकतं पाणी नालीत सोडायला भीती वाटली, बस. खूप दिवसांनी कुणाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस, इतकी वर्षं नुसतं यादवजी-यादवजी करत होतीस.

१४ फेब्रु.
बाहेरच्या पाण्यात आता चमक नाही, दिव्याखालीही नुसता अंधार. जे निघायचं ते निघालं. आत जे उरलंय तेच माझं. चमकलं तर कण, नाही तर नुसती काजळी, नि थिसिस पहिल्या पानापासून.
पिशवी उद्या उघडणार. भीती आहेच. पण खोटा उजेड छापून बसले असते, त्यातून वाचले, आणि हे एका माणसाच्या हाताने. देवा, थँक्यू.
यादवजींना सांगून ठेवलंय, उद्या दिवा तुम्हीच धरायचा. म्हणाले, साडेनऊला येतो.