विळदच्या चढावरची ऊब

१० जानेवारी १९७२

आई, फार दिवसांत तुझ्याशी बोललो नाही, माफ कर. सगळं बरं चाललं की तुझी आठवण मागे पडते. आज बरं नाही म्हणून लिहायला बसलो, हेही तुला कळेलच.

माझी लेक, तुझी नात, देवळाली प्रवऱ्याला सासरीच, वेळेआधी बाळंत झाली. मुलगी आहे, ओंजळीत मावेल एवढी. उद्या तिला नगरला, मी नोकरी करतो त्या दवाखान्यात आणायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी एकच बजावलं, वाटेत ऊब तुटता कामा नये. हीटर असलेली गाडी आमच्याकडे एकच, परदेशी डॉक्टर मायदेशी जाताना ठेवून गेलेली. आणि गाड्यांची देखरेख माझ्याकडे. परवा ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, गाडी हुबी हाय तवर झ्याक. विळदचा चढ लागला का पायाशी येनारी गरम हवा समदी काचंवर. काचंलाच थंडी वाजत आसंल." मला हसू आलं नाही. त्या गाडीत हवा कुठे वळवायची ते एक झडप ठरवते, आणि इंजिन हवा आत खेचतं, ती ओढ एका बारीक नळीतून ती झडप धरून ठेवते. ओढ तुटली की झडप मागे पडते आणि हवा काचेकडे वळते. काल दिवसभर मी नळ्यांच्या जोडांना कान लावत होतो. हवा गळत असेल तर सुस्कारा ऐकू येतो. कुठेच आला नाही. गळती सापडली असती तर एवढा घाबरलो नसतो.

आज दुपारी चढ चढून लगेच बॉनेट उघडलं. नळी चपटी होऊन मिटली होती. मूळची पावसाळ्यात फुटली, तेव्हा मीच तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घातली होती. तापली की ती मऊ पडते आणि ओढीनेच बंद होते. पाहता पाहता मी तुझ्या चुलीपाशी आहे. गालगुंडाने माझं तोंड उघडत नाही, तू पेज निववत बसली आहेस, मी पेज ओढून प्यायला पपईचा पोकळ देठ आणतो. तू तो चिमटीत दाबून फेकून देतेस. "सुकल्याला काय आनला रं येड्या? वढला का चपटा व्हतो. ताठ आन. पेज काय चालत येनार हाय तुज्या तोंडात?"

तांब्याची नळी बसवून पुन्हा चढ चढलो. ड्रायव्हरने चप्पल काढून पाय पुढे धरला. "ऱ्हायली की हवा जाग्याव. आता माज्या पोरीला बी नेईन हिच्यात." तरी भीती जात नाही. आज टिकली ती उद्या टिकेल कशावरून? आणखी काय पाहायचं राहिलं असेल?

तू नाहीस, हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितो. गाडी मीच चालवीन असं घरी सांगितलं, सगळ्यांना वाटलं, काळजीपोटी म्हणतोय. पण पुढे बसलं की रस्त्याकडे पाहता येतं. मागे बसून बाळाचे पाय हातात धरायचे, ते गार पडताहेत का बघत राहायचं, त्याची मला भीती वाटते.

उद्या: गाडी ड्रायव्हरला चालवायला सांगणे.