टेडी फेकतं कोण?

तीर्थरूप मामांना नमस्कार. (शाळा सोडली तरी मायना विसरले नाहीये, हे जमलं तर आईच्या कानावर घाला.) तुमची कंबर कशी आहे? मामीचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, म्हणजे ताई ठीक, आई ताईवर चिडलेली, आणि मी आपली बर्फाच्या हॉलच्या मागच्या खोलीत लोकांच्या स्केटना धार लावते. दार लावून बसता येतं, कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला काम आवडतं.

पत्राचं कारण ताई. यंदा तिला कुठल्या कंपनीची जाहिरात मिळाली नाही, तर ती स्केट विकून कापडाच्या दुकानात उभी राहणार. आईने दुकानदाराला शब्दसुद्धा देऊन ठेवलाय. आता एक हातमोजेवाली कंपनी आलीय. तिचा माणूस (आम्ही त्याला टायवाला म्हणतो) स्थळ बघायला आल्यासारखा हॉलमध्ये फिरतो. ताई हवेत तीन गिरक्या घेऊन अशी उतरते की आवाजसुद्धा येत नाही, पण बाहेर येते ती वीजबिल भरून आल्यासारखं तोंड करून. टायवाला म्हणाला, "जरा हसा ना." ताई म्हणाली, "पडले तर हसेन." झालं!

आणि जाहिरातीच्या शर्यतीतली दुसरी आहे ती हसरी. ती पडते, मामा. दर वेळी पडते. पण पडली की बर्फाची पापी घेते, छातीवर हात ठेवते, डोळ्यांत पाणी आणते (आधी डाव्या, कारण कॅमेरा डावीकडे असतो, मी नीट बघितलंय) आणि लोक वेडे होतात. आमच्याकडे रीत आहे, खेळ आवडला की प्रेक्षक वरून टेडी फेकतात. ते गोळा करायचे मी, आणि मोजायचे टायवाल्याने.

एकदा मी एक कान तुटलेला टेडी उचलला. दोन आठवड्यांनी तोच कानतुट्या परत हजर! मला तिथेच काहीतरी शिजतंय असा वास आला. भाड्याच्या बुटांवर नंबर लिहायचं निळं पेन घेतलं आणि हसरीच्या सगळ्या टेडींच्या तळपायाला ठिपका दिला. पुढच्या खेपेला चाळीसपैकी एकतीस ठिपकेवाले. खरं तर टेडी आजारी मुलांच्या दवाखान्यात जायचे असतात, पण हसरीची काकू म्हणते, "अगं दे, मीच पोचवते." पोचतात ना, तिसऱ्या रांगेत! तिथे एकाच लोकरीचे स्वेटर घातलेल्या आठ बायका बसतात. (आता आठ जणींना एकच लोकर कशी आवडते? संशय घ्यायला मला आवडत नाही, पण घ्यावा लागतो.)

मी टायवाल्याला सांगायचं ठरवलं. धारेच्या मशीनसमोर चार दिवस सराव केला, मशीनने नीट ऐकून घेतलं. मग ठिपकेवाला टेडी घेऊन गेले. तो म्हणाला, "काय गं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "पंखा लावू का?" बर्फाच्या हॉलमध्ये, मामा! मग मी ठिपका दिसावा म्हणून टेडी त्याच्या मांडीवर पाय वर करून ठेवला आणि पळाले. टेडीच्या गळ्यात हसरीच्या नावाची रिबन होती, ते माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना सांगत होता, "धार लावणारी पोरगीसुद्धा लाजत लाजत हसरीचा टेडी देऊन गेली. पायाला तीळ काढलाय, किती गोड! याला म्हणतात लोकप्रियता." ताईने ते ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

असो. मला फसवाफसवी पटत नाही. खरा खेळ लोकांना कधी ना कधी कळतोच, असं आई म्हणते. मामीला नमस्कार, लहानग्यांना पापा.

तुमची भाची

ता.क. रविवारी शेवटची फेरी आहे, त्यावरच टायवाला ठरवणार. तुम्ही, मामी आणि तुमच्या कारखान्यातले सहा-सात जण नक्की या. चौथी रांग धरून ठेवलीय. स्वेटर मात्र वेगवेगळे घाला.

ता.क. २. टेडी मी देईन. ताई थांबली की फेका, आधी नको, तिच्या पायात येतील. एकाने रडायला हवं. शक्यतो दाढीवाल्याने, कॅमेरा तिकडेच वळतो.

ता.क. ३. ताईला कळू देऊ नका. मीच फेकले असते हो, पण तिथे लोक बघतात.