पाणी तापवणारी बाई

९ सप्टेंबर

आठ झाली! नात नागिसाचा सकाळीच फोन. आठवं बाळंतपण तिच्या हातानं — मुलगी, आवाज असा की म्हणे नर्सांनी कान झाकले. आता दोन राहिली. स्वतःच्या हातानं दहा केल्याशिवाय पोरीला सुईणीची पदवी नाही, आणि दहाही नोव्हेंबर संपायच्या आत. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या हानानं भिंतीपलीकडून विचारलं, "तोमेआजी, डास मारताय का?" म्हटलं, हो गं, एक जुना डास आहे. मारीनच!

१० सप्टेंबर

तो डास कोण ते लिहूनच ठेवते. शाळा चार वर्षांची, अक्षर खेकड्यासारखं — कोण वाचतंय!

अमाकावा डॉक्टर. मोठ्या वादळाचं वर्ष. डॉक्टर पलीकडच्या शहरात गेलेला, बोट बंद, आणि भर दुपारी त्याच्या बायकोला कळा. मला बोलावलं. सासूनं शिकवलेलं सगळं हातात होतं, कागद मात्र एकही नव्हता. पोर पायाळू! ढुंगण आधी. घाई केली असती तर दोघी गेल्या असत्या. मी केली नाही. पोर निळी आली, पाठ चोळल्यावर रडली. (त्या दिवशी माझा भात चुलीवर जळला. नवरा आठवडाभर कुरकुरत होता. असो.)

आठवडाभर रोज जाऊन आंघोळ घातली. सातव्या दिवशी बारसं — लाल दाण्यांचा भात, अख्खा मासा, सगळं बेट जेवायला. आणि हा शहाणा भर पंगतीत म्हणतो, "बायको आपली आपणच मोकळी झाली हो. तोमेनं पाणी तापवलं तेवढं." लोक हसले. मीही हसले, वाढत होते ना!

दुसऱ्या दिवशी दारात पोलीस. परवान्याशिवाय बाळंतपण करते अशी त्या डॉक्टरचीच तक्रार. पाणी तापवायला परवाना कधीपासून लागतो? पण तेव्हा सुचलं नाही. पुन्हा करणार नाही अशा कागदावर सही केली. मग त्रेपन्न वर्षं ह्या हातांनी धक्क्यावर माकल्या साफ केल्या, ती दहा पायांची बुळबुळीत मासळी.

पण मीही कच्ची नाही. नाळ सुकवून, घरच्यांनी जन्मभर जपायला, लाकडी डबीत घालून द्यायचं काम माझंच. त्याचं ते बोलणं ऐकून स्वयंपाकघरात गेले, नाळ काढून घेतली आणि डबीत सुक्या माकलीची पट्टी ठेवली. वर कापूस. दोन्ही हातांनी, वाकून दिली डबी! खरी नाळ माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बटणांखाली.

१४ सप्टेंबर

लिहायचं राहिलं. ती पायाळू पोर, चिझुरु, आता नागिसाच्या बाई. दहा बाळंतपणं मोजणाऱ्या त्याच. नागिसाला काही ठाऊक नाही. पदवी हातात पडेपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप. मग सगळ्यांसमोर — बाई, जन्मभर माकली जपलीत हो!

झोप छान लागते हल्ली.

२० ऑक्टोबर

नववं धरलं नाही! खांदा यायच्या वेळी बाईंनी नागिसाचे हात बाजूला केले. म्हणे, "हाताला घाई आहे. हे मोजायचं नाही." पोर फोनवर रडली. बाई शेवटी त्या डॉक्टरचीच लेक! शिवणाचा डबा काढला, नाळ रुमालात बांधली, छत्री घेतली, धक्क्यापर्यंत गेले. तिथं आठवलं, आता तोंड उघडलं तर पोरीची पदवीच जाईल. परत आले. वाटेत मुळा घेतला.

२१ ऑक्टोबर

नागिसाला फोनवर सांगितलं — खांदा येताना मनात सासूला शिव्या द्यायच्या, सावकाश, एकेक. तेवढा वेळ हात थांबतो. म्हणाली, "मला सासू नाहीये गं आजी." म्हटलं, मग त्या बाईंना दे!

९ नोव्हेंबर

नववं. धरलं!

२८ नोव्हेंबर

दहावं!! दोनच दिवस उरले होते, वॉर्डात एकच बाई, तिच्याही कळा थांबत-थांबत. पायाळूच निघालं असतं तर डॉक्टरांनी घेतलं असतं. पण पोर शहाणं, डोक्यानं आलं. बाई मागे हात बांधून उभ्या होत्या म्हणे, बोटही लावलं नाही. "आजी, बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, आता तुझ्याकडे कुणी कागद मागितला तर तोंडावर मार." मला ते काही कळलं नाही. हानाला गोड बटाटे वाटले.

१५ मार्च

परीक्षा पास. उद्या पदवी. किमोनोला कापराचा वास येतोय, येऊ दे. नाळ पट्ट्यात खोचली आहे. सकाळची पहिली बोट. काय बोलायचं ते पाठ केलं — तीनदा, आरशासमोर.

१६ मार्च

पदवी मिळाली, आणि समारंभात बाईच माझ्याकडे आल्या. मी तोंड उघडायच्या आत पिशवीतून डबी काढून माझ्या हातात दिली. "तोमेआजी, तीस वर्षं सुईण आहे मी. नाळ आणि माकली ओळखू येत नाही होय मला? पहिल्याच वर्षी कळलं. आईला विचारलं, तिनं सगळं सांगितलं. तुमची नात वर्गात आली तेव्हा ठरवलं — हिला एकही बाळंतपण उसनं द्यायचं नाही."

पट्ट्यात हात घातला. नाळ काढून दिली.

१७ मार्च

बाई मला हात धरून वडिलांकडे घेऊन गेल्या. सत्त्याऐंशीचा, चाकांच्या खुर्चीत. त्याच्या तळहातावर नाळ ठेवली आणि कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "बाबा, पाणी तापवणारी बाई आली आहे. उठून नमस्कार करा."

धडपडला बराच वेळ. मी 'बसा, बसा' म्हटलं नाही.